गर्भिणीचें पान

स्मृतिग्रंथांत गर्भिणीचा विचार केवळ संस्कारांपुरता येतो, ही समजूत अपुरी आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत अतिथींच्याही आधीं तिला जेवूं घालण्याचा विधि आहे. आठव्यांत दोन महिन्यांपुढील गर्भिणीस तरीचें भाडें माफ आहे. कौटिल्यही तिला नदीपार नेतो, परंतु नावाध्यक्षाच्या मुद्रेनें! खाडीकाठच्या वसईकरांस यांतील भेद सहज उमगेल. गृहस्थ पान वाढतो. राज्य आधीं मुद्रा पाहतें.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गर्भिणीस मोफत आहार व किमान ६,००० रुपये हा हक्क मानला. २०१७ ची मातृवंदना योजना मात्र पहिल्या अपत्यास ५,००० रुपयेच देते; दुसऱ्या खेपेस साहाय्य मिळतें तें मुलगी झाली तरच. २०१५ च्या अमृत आहार योजनेंतील गरम जेवण आदिवासी क्षेत्रापुरतें आहे, आणि वसई तालुक्यांतील कांहीं गांवेंच अनुसूचित क्षेत्रांत मोडतात. पोट भरण्यासाठीं ती सीमा ओलांडून वीटभट्टीवर आलेल्या गर्भिणीची भूक मात्र सीमेवर थांबत नाहीं.

मुद्रा पाहूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. पान आधीं वाढावें, एवढाच स्मृतीचा क्रम आम्ही येथें नमूद करितों.