आपला मासा, परकी नदी

पावसाळा आला की धरणात मत्स्यबीज सोडल्याचे फोटो फिरायला लागतात. पुढारी, अधिकारी, पिशवीतून पाण्यात पडणारी पिल्लं. पुण्याचंच काम ते, असं आपण धरून चालतो. म्हणून आज एका माशाचा इतिहास सांगतो. मासा आपलाच, पुणे जिल्ह्यातला.

1839 साली कर्नल साईक्स या कंपनी सरकारच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचं वर्णन लंडनमध्ये छापलं. माणूस चौकस. इथली बोलीतली नावंच त्याने शास्त्रीय नावांत घातली. मुळा-मुठेच्या पाण्यातल्या महासीरला त्याने ‘खुद्री’ म्हटलं. आज जगभर त्याचं नाव ‘टॉर खुद्री’ आहे. एक मराठी शब्द असा शास्त्रात जाऊन बसला, याचा मला अभिमान वाटतो.

पुढे धरणं झाली. महासीर पावसाळ्यात प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि खडी-गोट्यांच्या वाहत्या पाण्यात अंडी घालतो. भिंत आडवी आली की वाटच बंद. मासा कमी होत गेला. तेव्हा 1970च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवण धरणाजवळ त्याची पैदास सुरू केली. काम खरंच कौतुकाचं. पण ही पिल्लं आपल्या नद्यांपुरती राहिली नाहीत. इतर राज्यांत गेली, कर्नाटकात कावेरीतही सोडली गेली.

आता मुद्दा असा, की कावेरीला स्वतःचा महासीर होता. पाठीला कुबड, पर केशरी, वजन 50 किलोच्या वर जाणारा. 1946 मध्ये कावेरीच्या कबिनी या उपनदीत गळाला लागलेला एक मासा 120 पौंडांचा होता, म्हणजे साधारण 54 किलो!

गळाने मासे पकडून परत सोडणाऱ्या शौकिनांच्या नोंदवह्या कावेरीवर होत्या. संशोधकांनी 1998 ते 2012 या काळातल्या नोंदी तपासल्या आणि 2015 मध्ये निष्कर्ष मांडले. आपला खुद्री भराभर वाढला होता. कुबडवाला कमी झाला होता, आणि जे सापडत होते ते आकाराने मोठे मोठे होत चालले होते. ऐकायला बरं वाटतं ना? अर्थ उलटा आहे. म्हातारे उरले होते, नवी पिढी येतच नव्हती. गावात फक्त आजी-आजोबा उरावेत तसं.

धरणं, वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी ही कारणं होतीच. पण त्याच नदीत खुद्री मात्र वाढत होता, हे विसरून चालणार नाही.

आणि गंमत बघा, त्या बिचाऱ्याला धड नावही नव्हतं. शिरूरच्या घोड नदीतल्या वेगळ्याच माशाला साईक्सने दिलेलं ‘मसुल्ला’ हे नाव लोक त्याला चिकटवत राहिले. 2018 मध्ये त्याची खरी ओळख पटली, ‘टॉर रेमादेवी’. त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. नाव मिळालं तेव्हा जीव घशाशी आलेला.

आपण परका म्हणतो तो आफ्रिकेतून आलेला चिलापी. 1952 मध्ये तो भारतात आणला गेला. आज उजनीच्या काठावर भिगवणच्या बाजारात त्याचे ढीग दिसतात. साचलेलं पाणी त्याला मानवतं. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते. वाहत्या पाण्याची वाट बघणारे आपले मासे त्याच्यापुढे कसे टिकणार? आणि आपण हौसेने सोडतो ते कटला आणि रोहू तरी कुठले? मूळचे गंगेकडचे.

माशाला देशाची सीमा कळत नाही, त्याला खोरं कळतं. भीमेचा मासा कावेरीत परकाच.

मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न आहे, हे मला मान्य आहे. चिलापीवर आज अनेक घरं चालतात, ती बंद करा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी तुमच्या धरणात, तळ्यात पिल्लं सोडायचा कार्यक्रम असेल तर दोनच प्रश्न विचारा. हा मासा कुठल्या खोऱ्यातला? आणि या पाण्यात आधीपासून कोण राहतं?

दुसऱ्याचं उत्तर गावातल्या जुन्या भोई-कोळ्यांकडे अजून आहे. ते आहेत तोवर विचारून, लिहून ठेवा.