परतलेला मृत आणि तोतया : एका नसलेल्या शब्दाविषयी

फ्रान्समधील कनाल प्लुस या वाहिनीवर २०१२ च्या अखेरीस 'ले रव्हनां' ही आठ भागांची मालिका प्रक्षेपित झाली. फाब्रिस गोबेर याने ती रोबां काम्पियोच्या २००४ मधील याच नावाच्या चित्रपटावरून रचली होती. डोंगरात वसलेले, धरणाच्या सावलीतले एक छोटे शहर. चार वर्षांपूर्वी बसच्या अपघातात मेलेली कामीय ही मुलगी एका संध्याकाळी घरी चालत येते, स्वयंपाकघरात शिरते आणि भूक लागली म्हणून खायला काढते. आपण मेलो आहोत हे तिला ठाऊक नसते. तिची जुळी बहीण लेना मधल्या काळात चार वर्षांनी मोठी झालेली असते. लग्नाच्याच दिवशी मेलेला सिमों दहा वर्षांनी नियोजित वधूच्या दाराशी येतो, तेव्हा ती दुसऱ्याशी विवाह करण्याच्या तयारीत असते. ही माणसे विद्रूप नाहीत, पारदर्शक नाहीत, कोणाच्या अंगात येत नाहीत. ती फक्त परत आली आहेत.

ब्रिटनमध्ये २०१३ साली उपशीर्षकांसह ही मालिका दाखवली गेली तेव्हा तेथील प्रेक्षकही फ्रेंच प्रेक्षकांप्रमाणेच कोडी घालत बसला. धरणातले पाणी का ओसरते? एवढ्या मृतांपैकी हीच माणसे का परतली? व्हिक्तोर नावाचा तो अबोल मुलगा कोण? पहिले पर्व यांतील बहुतेक प्रश्न उघडे ठेवून संपले आणि दुसरे पर्व यायला २०१५ उजाडले. त्यानेही सारे उलगडले असे नाही. प्रेक्षकाच्या या अवस्थेचे वर्णन त्झ्वेतान तोदोरोव याने अद्भुतकथेवरील १९७० च्या ग्रंथात करून ठेवलेलेच आहे : घटनेचे नैसर्गिक स्पष्टीकरण स्वीकारावे की अलौकिक, या दोहोंमध्ये वाचकाचे हेलकावत राहणे हाच त्या वाङ्मयप्रकाराचा प्राण होय. मात्र येथे एक भेद नोंदवणे आवश्यक आहे. 'ले रव्हनां'चा प्रेक्षक 'का?' या प्रश्नापाशी हेलकावतो, 'कोण?' या प्रश्नापाशी नव्हे. कामीय ही कामीयच आहे याबद्दल संहिता त्याला क्षणभरही शंका घेऊ देत नाही.

मराठी वाचकापुढे हीच कथा ठेवली तर पहिली अडचण शीर्षकाचीच येईल. 'रव्हनां' म्हणजे परत येणारा, एवढेच. शब्दात भय नाही, जात नाही, मरणाचे कारणही नाही. मराठीत मृतांसाठी शब्दांची वाण नाही. उलट इतकी समृद्धी आहे की मेलेल्याची नोंदवहीच भाषेने ठेवली आहे असे वाटावे. मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला तो मुंजा, बाळंतपणात गेलेली ती हडळ, वासना किंवा धन मागे ठेवून गेलेला तो समंध. खवीस, झोटिंग, वेताळ यांची ठाणी वेगळी. (जिवंतपणी जी उतरंड तीच मेल्यावरही, भुतांनाही आपली पायरी सोडता आलेली नाही.) या प्रत्येक नावात एक अपुरेपण आणि त्यावरचा एक उतारा गृहीत आहे. परंतु जसा गेला तसाच, त्याच देहाने, त्याच भुकेने परत आलेल्या माणसासाठी मराठीत नाम नाही. जवळात जवळचा शब्द शोधला तर हाती लागतो तो 'तोतया'. आणि तो शब्द पाहण्यापूर्वीच निकाल देऊन मोकळा होतो.

या शब्दामागचा मराठी इतिहासातील सर्वांत ठळक प्रसंग ज्या माणसाच्या नावाने घडला, त्याच्या घराण्याची कीर्ती वसईच्या भूमीशी बांधलेली आहे. वसईजवळच्या गिरीज गावात हिरा डोंगरी नावाची टेकडी आहे. वज्रगड म्हणून ओळखले जाणारे ठाणे याच टेकडीवर होते आणि आज तेथे दत्ताचे मंदिर आहे. १७३७ पासून चाललेल्या मोहिमेनंतर मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला घेतला. त्या वेळी त्याचा मुलगा सदाशिव नऊ वर्षांचाही झालेला नव्हता. पुढे दीड वर्षात चिमाजी वारला. हाच सदाशिव १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सेनापती होता.

गिरीज परिसरात दोन परंपरा शेजारी नांदतात. ख्रिस्ती समाज २ नोव्हेंबरला सर्व मृतांचे स्मरण करतो, कबरींवर फुले आणि मेणबत्त्या ठेवतो. हिंदू घरांतून भाद्रपदाच्या वद्य पक्षात पितरांना पान वाढले जाते. श्रद्धा भिन्न, पण एका बाबतीत दोन्ही समाज एकमताचे आहेत : मृतांना वर्षातून नेमका दिवस द्यावा. पितृपक्षाची रचना या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. ज्याची तिथी माहीत नाही त्याच्यासाठी सर्वपित्री अमावास्या, सवाष्ण गेलेल्या स्त्रीसाठी अविधवा नवमी, शस्त्राने मेलेल्यासाठी चतुर्दशी. पितर येतात ते कावळ्याच्या रूपाने, घास घेतात आणि जातात. फ्रान्समध्येही नोव्हेंबरच्या आरंभी लोक दफनभूमीत फुले घेऊन जातातच. गोबेरच्या शहरातला क्षोभ मृत आले म्हणून नाही; ते ठरल्या दिवशी आले नाहीत आणि आल्यावर गेले नाहीत, म्हणून आहे. काम्पियोच्या मूळ चित्रपटात हे अधिक कोरडेपणाने येते : परतलेल्यांना ठेवायचे कुठे, त्यांची पूर्वीची नोकरी द्यायची का, हे प्रश्न तेथे नगरपालिकेपुढे येतात.

आपल्या धर्मशास्त्रालाही हा प्रश्न पडला होता, हे सहसा विसरले जाते. परागंदा झालेल्याची वार्ता ठराविक वर्षे न आल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिचे दहन करावे, अशी तरतूद निबंधग्रंथांत आहे. पण तो नंतर परत आला तर? तर त्याला तुपात बुडवून काढावे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावेत आणि त्याने आपल्याच पत्नीशी पुन्हा विवाह करावा. ही विलक्षण तरतूद आहे. शास्त्र त्याला नाकारत नाही, पण 'परतलेला' म्हणूनही स्वीकारत नाही. तो नव्याने जन्मलेला ठरतो. आधीचा मेला तो मेलाच. म्हणजे समाजाजवळ दोन दारे होती, तोतयाचे आणि नवजाताचे. तिसरे दार नव्हते.

सदाशिवराव भाऊच्या बाबतीत यांपैकी कोणतेच दार नीट उघडले वा मिटले नाही. पानिपताची वार्ता दक्षिणेकडे निघाली ती सावकारी पत्राच्या सांकेतिक भाषेत, दोन मोती गळाल्याची. विश्वासरावाचा देह ओळखला गेला. भाऊचे म्हणून जे धड मिळाले त्याला शिर नव्हते; शिर पुढे वेगळे सापडले आणि शुजाउद्दौल्याच्या मध्यस्थीने दहन झाले, असे काशीराज पंडिताच्या वृत्तान्तावरून समजते. परंतु पुण्याला मिळाली ती वार्ता, देह नव्हे. ज्या काळी ओळख पटवण्याचे साधन म्हणजे चेहरा, अंगावरची खूण आणि आवाज, त्या काळी शिर नसलेले धड ही एक अपुरी संहिता होती आणि ती पुरी करण्याचे काम दूरच्या ऐकणाऱ्यांकडे आले. नानासाहेब पेशवे जून १७६१ मध्ये वारले. भाऊची पत्नी पार्वतीबाई रणातून वाचून परतली होती. तिने वैधव्य स्वीकारले नाही. १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सुमारे बावीस वर्षे, तिने सौभाग्यलक्षणे धारण केली.

या पार्श्वभूमीवर पानिपतानंतर तीन-चार वर्षांतच उत्तरेत एक मनुष्य 'मी भाऊ' म्हणून उभा राहिला. तो पकडला गेला. चौकशीत तो सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण असल्याचे निष्पन्न झाले. थोरल्या माधवरावाने त्याला कैदेत ठेवले, मारले मात्र नाही. हा तपशील लहान नाही. ज्या दरबाराला तो खोटा असल्याची खात्री होती त्या दरबाराने त्याला दहा-अकरा वर्षे जिवंत सांभाळले. यामागे ब्रह्महत्येची भीती असेल, राजकीय सावधगिरी असेल. परंतु वाड्यात कुंकू लावून वावरणाऱ्या काकूसमोर त्या मनुष्याचा वध करणे म्हणजे तिच्या प्रतीक्षेचाही वध करणे होते, हे माधवरावाच्या ध्यानात आले नसेल असे म्हणणे कठीण आहे.

१७७६ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरील अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने या कैद्याला सोडले आणि भाऊ म्हणून उभे केले. काळ असा होता की पुण्याच्या सत्तेला स्वतःचाच चेहरा उरला नव्हता. नारायणरावाचा १७७३ मध्ये खून झाला होता, पेशवा म्हणून दोन वर्षांचे मूल होते, कारभार बारभाईंचा होता. राघोबा इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता आणि मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहात त्याने साष्टीबरोबर वसईही देऊ केली होती; चिमाजीने जिंकलेली वसई त्याचाच पुतण्या देऊन टाकत होता. अशा वेळी चिमाजीचा मुलगा मेलेला नाही, ही वार्ता कोकणात पसरली तर हजारो माणसे त्यामागे का गेली, हे समजण्यासाठी त्यांना भोळे ठरवण्याची गरज नाही. किल्ल्यामागून किल्ले त्याच्याकडे आले, तो बोरघाटापर्यंत पोहोचला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याला मोडले. मुंबईकडे निसटण्याच्या बेताने तो कुलाब्याला गेला, तेथे रघूजी आंग्र्याने त्याला धरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शासन झाले.

इतिहासलेखनाने या प्रकरणाचा विचार प्रामुख्याने बंड म्हणून केला. वाङ्मयाने तोच कित्ता गिरवला. न. चिं. केळकरांचे 'तोतयाचे बंड' हे नाटक १९१३ चे. केळकरांची राजकीय जाण आणि संवादांतील चातुर्य यांविषयी वाद नाही. पण शीर्षकातले दोन्ही शब्द निकालाचे आहेत. पडदा उघडण्यापूर्वीच प्रेक्षकाला कळते की हा खोटा आहे आणि हे कृत्य द्रोहाचे आहे. हान्स रॉबर्ट याउस ज्याला अपेक्षांचे क्षितिज म्हणतो ते येथे दारावरच्या जाहिरातीतच आखले जाते. त्यामुळे पार्वतीबाईची व्यथा पाहताना प्रेक्षक तिच्याबरोबर हेलकावत नाही. तो तिची कीव करतो. ज्ञान प्रेक्षकाकडे, अज्ञान पात्राकडे, ही नाट्यविडंबनाची विभागणी रंगमंचावर परिणामकारक असते हे खरे, परंतु १७७६ च्या कोकणाचा अनुभव तिच्यात मावत नाही. तेथे कोणाकडेच ज्ञान नव्हते.

तुलनेसाठी फ्रान्सचेच उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. आर्तिगा गावचा मार्तें गेर १५४८ मध्ये घर सोडून गेला. १५५६ मध्ये आर्नो दु तिल त्याच्या नावाने आला आणि बेर्त्रांद द रोल्सबरोबर तीन-चार वर्षे संसार करून राहिला. १५६० मध्ये तुलूझच्या न्यायालयात खटला अखेरच्या टप्प्यावर असताना खरा मार्तें लाकडी पायावर चालत हजर झाला. खटल्यातील न्यायाधीश जां द कोरास यानेच पुढच्या वर्षी त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला आणि त्यात आपल्या डळमळलेल्या मताची वाच्यता केली. नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८३ च्या आपल्या पुस्तकात प्रश्नाचा रोख बदलला : बेर्त्रांद फसली की तिने जाणून स्वीकारले? फ्रेंच परंपरेला 'ले रव्हनां'सारखी मालिका सुचते यामागे न्यायाधीशाने शंका लिहून ठेवण्याची ही जुनी सवय असावी. बंगालमधील भावलच्या संन्याशाचे प्रकरणही याच जातीचे : १९०९ मध्ये दार्जिलिंगला मृत घोषित झालेला राजकुमार १९२१ मध्ये साधूच्या वेशात प्रकटला. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलेल्या खटल्यात तो खरा ठरला. त्याच्या पत्नीने मात्र त्याला कधीच आपला मानले नाही. येथे न्यायालय 'होय' म्हणते आणि पत्नी 'नाही'. पुण्यात नेमके उलटे चित्र होते, असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. पार्वतीबाईने सुखनिधानाला पती मानले, असा तिच्या कुंकवाचा अर्थ होत नाही. नवरा मेलेला नाही, आणि समोरचा मनुष्य नवरा नाही, ही दोन्ही विधाने ती एकाच वेळी करू शकत होती. तिची भूमिका तिसऱ्या दाराची होती, ज्याला भाषेत शब्द नव्हता आणि शास्त्रात विधी नव्हता.

हे दार मराठी कथात्म वाङ्मयाने अजून पुरते उघडलेले नाही. विश्वास पाटलांची 'पानिपत' (१९८८) ही कादंबरी भाऊला गमावलेली प्रतिष्ठा परत मिळवून देण्याचे मोठे काम करते, पण तिचा ओढा रणांगणाकडे आहे; त्यानंतरच्या बावीस वर्षांच्या घरगुती संदिग्धतेकडे नाही. त्र्यं. शं. शेजवलकरांच्या चिकित्सक बुद्धीला पुराव्याचा प्रश्न महत्त्वाचा वाटला आणि तो तसा आहेच. लोकस्मृती मात्र आपल्या वाटेने गेली. हरयाणात रोहतकजवळच्या सांघी गावी, भाऊ रणातून वाचला आणि तेथे साधू होऊन राहिला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी मानण्याचे कारण नाही. तरीही तिच्यात एक गोष्ट घडते जी पुण्याच्या दप्तरात घडू शकली नाही : परतलेल्या माणसाला राज्य मागावे लागत नाही, म्हणून त्याला कोणी तोतया म्हणत नाही.

'ले रव्हनां'ची अमेरिकी आवृत्ती २०१५ मध्ये एका पर्वानंतर बंद पडली; तिचे प्रश्न त्यामुळे तसेच लटकत राहिले. पुण्याच्या वाड्यातला प्रश्न १७८३ पर्यंत लटकला. पार्वतीबाईच्या मृत्यूनंतर तिचे श्राद्ध कोणत्या तिथीला घालायचे, हे घराण्याला ठरवावे लागणारच होते. अविधवा नवमी म्हणावी तर भाऊ त्या दिवशी जिवंत होता. न म्हणावी तर तो बावीस वर्षांपूर्वीच मेलेला होता, आणि सवाष्ण म्हणून वावरलेल्या त्या बाईला मरणोत्तर विधवा करावे लागणार होते.