धनुष्याची दोरी : इतिहासात न सापडणारा भाग

संशोधनाची तयारी करताना आपण 'पुरावा काय आहे?' हा प्रश्न पाठ करतो. पण काही वस्तू अशा असतात, की त्या नीट वापरल्या गेल्या म्हणूनच त्यांचा पुरावा उरत नाही. धनुष्याची दोरी ही त्यातलीच एक. ती झिजते, बदलली जाते आणि जुनी फेकून दिली जाते. संग्रहालयात धनुष्य दिसतं, बाणाचं टोक दिसतं. पण त्या काळची दोरी क्वचितच. मग तिचा इतिहास लिहायचा कसा? आज तीन प्रकारचे पुरावे बघूया.

१. यादी

कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात शस्त्रागाराच्या अधिकाऱ्याची कामं दिली आहेत. तिथे दोरीच्या कच्च्या मालाची यादी मिळते : मूर्वा, रुई, ताग, गवेधु, वेळू आणि जनावरांचे स्नायू. सहापैकी पाच वनस्पती! रुई तर आपल्याकडे रस्त्याच्या कडेला वाढते. एवढे पर्याय नोंदवले आहेत, म्हणजे दोरी ही सतत नव्याने लागणारी वस्तू होती, असा तर्क करता येतो. लक्षात ठेवा, हा तर्क आहे. यादी 'काय वापरावं' ते सांगते. 'किती दिवस टिकलं' ते सांगत नाही.

२. योगायोग

दुसरा पुरावा आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. प्रवरेकाठी नेवासे इथे १९५४ ते ५६ या काळात ह. धी. सांकलिया आणि डेक्कन कॉलेजच्या सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच्या, एका दफनात तांब्याचे मणी मिळाले आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष! मुंबईच्या ए. एन. गुलाटी यांनी ते तपासले, तेव्हा त्यात रेशीम आणि कापूस असल्याचं त्यांनी नोंदवलं.

हा दोरा माळेचा आहे, धनुष्याचा नाही. तरी आपल्या प्रश्नासाठी तो महत्त्वाचा, कारण तो का टिकला हे कळतं. तांबं गंजताना तयार होणारे क्षार जिवाणू-बुरशीला मारक असतात. त्यामुळे धातूला चिकटलेले तंतू कुजत नाहीत. धनुष्याच्या दोरीला असा तांब्याचा शेजार सहसा मिळत नाही. म्हणून 'दोरी सापडली नाही' याचा अर्थ 'दोरी नव्हती' असा होत नाही.

३. पेटंट आणि रसायनशास्त्र

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या होलेस विल्बर ॲलन यांनी १९६६ साली कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी अर्ज केला; १९६९ साली ते मंजूर झालं. यात दोन्ही टोकांना चाकं (आजच्या भाषेत कॅम) आणि त्यांना जोडणाऱ्या केबल असतात. पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार बराच कमी होतो. पण किंमतही मोजावी लागते : आता दोरी फक्त बाण ढकलत नाही, तर दोन्ही चाकं एकाच वेळी फिरतील याची जबाबदारीही स्ट्रिंग आणि केबलवर येते. लांबी थोडी बदलली, तरी सगळं गणित बिघडतं.

सुरुवातीला केबल पोलादी आणि स्ट्रिंग डॅक्रॉनची असे. पुढे अतिउच्च रेणुभाराचं पॉलिएथिलीन आलं, म्हणजे डायनिमा किंवा स्पेक्ट्रा. ते बळकट, पण सततच्या ताणाखाली हळूहळू लांबतं. याला क्रीप म्हणतात. व्हेक्ट्रान जवळजवळ लांबत नाही, पण घासलं की लवकर तुटतं. म्हणून अनेक स्ट्रिंगमध्ये दोन्ही मिसळतात.

देखभालीचे नियम इथूनच येतात. तंतूंवर लव दिसू लागली की मेण लावून बोटाने चोळायचं, म्हणजे ते ऊबेने आत जातं. बाण अडकतो तिथे वरून गुंडाळलेलं दोऱ्याचं आवरण, म्हणजे सर्व्हिंग, सैल झालं तर ते नव्याने गुंडाळता येतं. स्ट्रिंग लांबली तर बो प्रेसवर धनुष्याचा ताण उतरवून पीळ वाढवतात. मात्र एक पदर जरी तुटला तरी गाठ मारून चालत नाही. पदरांवरचा ताण असमान होतो. स्ट्रिंग बदलायचीच.

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाउंडची वैयक्तिक सुवर्णपदकं जिंकली. अंतिम फेरीत ओजसने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं असतं. एवढ्या अचूकतेसाठी दोरी दर वेळी तशीच वागावी लागते. पदकं आणि गुण नोंदले जातात; दोरी कधी बदलली हे मात्र बहुतेक वेळा खेळाडूच्या वहीतच राहतं.

तुमच्या प्रयोगशाळेतही अशा 'दोऱ्या' आहेत : पंपाचं तेल, सील, फिल्टर, इलेक्ट्रोड. प्रबंधात उपकरणाचं नाव येतं, सील कधी बदललं ते येत नाही. पण एखादा निकाल पुन्हा येत नसेल, तर कारण नेमकं तिथे असू शकतं. म्हणून पीएचडीच्या पहिल्या दिवसापासून एक साधी वही ठेवा : काय झिजलं, कधी बदललं, बदलल्यावर वाचन किती सरकलं. तीन ओळी पुरतात.