पाणी गेलं, पण दिवस किती भरले होते?

आमच्या मैंदर्गीत मराठी घरात ‘पाणी गेलं’ म्हणतात, कानडी घरात ‘नीर होय्तु’ आणि आमच्या दखनी बोलीत ‘पानी गया’. नववा महिना भरल्यावर हे ऐकलं की घरात लगबग सुरू होते. पण सातव्या महिन्यात पाणमोट फुटली आणि वेणाही नाहीत, तर काय करायचं? जुन्या बायकांचं उत्तर एकच: पडून राहा, अल्लाह मालिक.

पाणमोटेचा पडदा आपल्या धर्मग्रंथांच्या अभ्यासकांनाही अपरिचित नव्हता. सूरह जुमरमधल्या गर्भाच्या तीन अंधारांचा अर्थ लावताना मुफस्सिरांनी पोट, गर्भाशय आणि बाळाभोवतीचं आवरण अशी तीन नावं घेतली. दहाव्या शतकात कोर्डोबाच्या अरीब इब्न सअद यांनी गर्भ, गरोदर स्त्री आणि नवजात बाळ यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. माहिती होती, पण फुटलेल्या पाणमोटेवर इलाज नव्हता. वाट मोकळी झाली की जंतू वर चढतात, हे कळायलाच एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

इलाज दोन दिशांनी आला. एक, जंतूंवरचा. पेनिसिलिन आलं, १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे २००१ साली ४,८२६ स्त्रियांवरच्या एका मोठ्या अभ्यासातून दिसलं की वेळेआधी पाणी गेलेल्या बाईला एरिथ्रोमायसिन दिल्याने फायदा होतो, तर दुसऱ्या एका नावाजलेल्या प्रतिजैविकाने, को-अमॉक्सिक्लॅवने, बाळाच्या आतड्यांचा गंभीर आजार वाढतो. औषध जंतू मारतं म्हणून ते बाळाला चांगलंच, असं नाही.

दुसरी दिशा फुप्फुसांची. न्यूझीलंडचे लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूती कशी सुरू होते याचा शोध घेत होते. पोटात असतानाच स्टिरॉइड दिलेलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की ते मरायलाच हवं होतं. पण ते श्वास घेत होतं. १९७२ साली लिगिन्स आणि हॉवी यांनी माणसांवरचा अभ्यास छापला: आईला टोचलेल्या इंजेक्शनाने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पाणी गेलेल्या बाईला मात्र हे द्यावं की नाही, यावर बराच काळ वाद होता, कारण स्टिरॉइडने संसर्ग वाढण्याची भीती.

इथून गोष्ट आपल्या भागात येते. २०११ ते २०१४ या काळात सहा देशांत एक प्रयोग झाला. भारतातली ठिकाणं होती बेळगाव आणि नागपूर. मोठ्या रुग्णालयांऐवजी गावपातळीवरच डेक्सामेथासोन द्यायचं, दिवस आठवत नसतील तर पोटाची उंची टेपने मोजायची, अशी योजना. जवळपास एक लाख बाळंतपणं त्यात होती. निकाल २०१५ साली आला आणि तो उलटा होता: जिथे ही योजना राबवली तिथे दर हजारी साधारण साडेतीन बाळं जास्त दगावली, आयांमध्ये संसर्गाची शंकाही जास्त आली. कारण दिवसांचा हिशेब. इंजेक्शन मिळालेल्या बऱ्याचशा बायकांचं बाळ मुळी लवकर येतच नव्हतं. तोवर आपल्या केंद्र सरकारने, २०१४ साली, परिचारिकांनीच पहिला डोस द्यावा असं ठरवलंही होतं.

मग पुन्हा प्रयोग, या वेळी रुग्णालयांत, सोनोग्राफीने दिवस ठरवून आणि बाळाची देखभाल होईल अशाच ठिकाणी. पाच देश, २,८५२ स्त्रिया, त्यात बेळगावही. २०२० सालचा निकाल: साध्या सलाईनच्या गटात २३.५ टक्के बाळं दगावली, डेक्सामेथासोनच्या गटात १९.६. म्हणजे दर २५ आयांमागे एक बाळ वाचलं. औषध तेच होतं, बेळगावही तेच. मला वाटतं, पहिल्या फेरीत ज्या घरांत पाळणा हलला नाही, त्यांचाही या ज्ञानात वाटा आहे, आणि त्यांना तो कुणी सांगितला असेल असं वाटत नाही.

आमच्याकडे म्हाताऱ्या बायका दिवस मोजतात ते चांदांनी: ‘बंदेनवाजच्या चांदात राहिले, म्हणजे शबेबरातच्या आसपास’. त्यात चार-पाच दिवस इकडेतिकडे होतातच. चांदाचा महिना कधी २९ चा, कधी ३० चा. पूर्वी त्याने फारसं बिघडत नव्हतं, देण्यासारखं औषधच नव्हतं. आता पाणी गेल्यावर ३४ आठवड्यांच्या अलीकडे की पलीकडे, यावर इंजेक्शन ठरतं. म्हणून तिसऱ्या महिन्याच्या आत काढलेला सोनोग्राफीचा कागद हरवू देऊ नका. सोलापूरला जायची वेळ आली तर पिशवीत तो आधी घाला, कपडे नंतर.