गृहिणीची दुपार आणि सुईदोरा

इतिहासाच्या पुस्तकांतून लढायांचीं आणि तहांचीं वर्णनें मुबलक सांपडतात; परंतु दुपारचीं भांडीं घासून झाल्यावर आणि चुलीवर सायंकाळचें आधण चढण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील गृहिणी काय करीत असे, याची नोंद ठेवण्याची गरज इतिहासकारांस फारशी वाटलेली दिसत नाहीं. वस्तुतः ज्या अंथरुणावर पिढ्यान् पिढ्या मुलें निजलीं, ज्या टोपड्यांनीं त्यांचे कान झांकले गेले आणि ज्या वाती देवापुढें जळल्या, तें सारें याच तास-दीड तासांत सिद्ध झालेलें आहे. हा तास गृहिणीला कोणी दिलेला नव्हता. तो तिनें इतर कामांच्या फटींतून काढलेला होता.

गोधडीची घडण पाहिली म्हणजे ती कशा प्रकारच्या वेळांत तयार झाली हें तत्काळ ध्यानांत येतें. धुऊन धुऊन मऊ झालेलीं लुगडीं आणि धोतरें यांचे थर एकावर एक अंथरावयाचे, कडा दुमडून टांचावयाच्या आणि मग साध्या धावदोऱ्यानें टांके घालीत जावयाचें. या टांक्याला मोजदाद नाहीं आणि नकाशाहि नाहीं. मूल रडलें, दूध उतूं गेलें, दाराशीं पाहुणा उभा राहिला, तर सुई तेथेंच कापडांत खोंवून उठतां येतें. आणि चार दिवसांनीं पुन्हा बसलें तरी काम जेथें थांबलें तेथूनच पुढें चालूं लागतें. वाती वळण्याचेंहि तसेंच. चातुर्मासांत लक्ष वातींचा नेम धरणाऱ्या बायका असत. चार महिन्यांचे सुमारें १२० दिवस धरले, तर रोज ८३० हून अधिक वाती व्हावयास पाहिजेत! एका बैठकींत हें साधण्यासारखें नव्हतें. परंतु कापसाची परडी जवळ ठेवून बोलतांबोलतां, पुराण ऐकतांऐकतां, पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवून तें साधत असे. घरगुती कलांचीं रूपें सौंदर्यदृष्टीनें ठरलीं, असें कलेचे पंडित म्हणतात. तें खोटें नाहीं. पण त्याआधीं तीं रूपें व्यत्ययानें ठरविलेलीं आहेत.

असें असूनहि निव्वळ उपयोग हाच या कामाचा हेतु होता असें मानणें चुकीचें होईल. थंडी निवारण्यासाठीं गोधडीच्या मध्यभागीं जपून ठेवलेल्या पैठणीच्या किनारीचा तुकडा बसविण्याचें कारण नव्हतें. बटव्याला मणी लावल्यानें त्यांत सुपारी अधिक मावत नाहीं. बाळंतविड्यांतील कुंचीला रंगीत गोंडे लावल्याशिवाय बाळाचें डोकें उघडें राहिलें असतें असेंहि नाहीं. ‘छंद’ हा शब्द त्या बाईनें स्वतःच्या कामाला कधीं लावला नसेल. किंबहुना कोणी लावला असता तर तिला तो आळ वाटला असता. उपयोगाच्या पदराआड तिनें आपली हौस जपली, एवढें मात्र खरें.

ही दुपार थोडी मोठी झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. मुंबईस विहार तलावाचें पाणी १८६० च्या सुमारास आलें. पुण्याजवळ खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं उभें राहिलें. विहिरीवरच्या घागरी जसजशा कमी झाल्या आणि पहांटेच्या जात्याचें काम हळूहळू पिठाच्या गिरणीकडे गेलें, तसतसा शहरांतील मध्यम स्थितीच्या घरांत थोडा वेळ मोकळा झाला. ज्या इंजिनिअरांनीं हे नळ घातले, त्यांना आपण नळांतून क्रोशाची सुईहि घरांत आणीत आहों याची कल्पना नसावी! मिशनच्या शाळा आणि युरोपियन बायका यांच्याकडून भरतकामाचे व जाळीचे नवे नमुने याच सुमारास घरांत शिरले. घराघरांतील मेजांवर आणि आरशांवर जाळीचे रुमाल दिसूं लागले, आणि रुखवतांत त्यांना मानाची जागा मिळाली.

परंतु मोकळा वेळ मिळणें निराळें आणि त्यावर आपला हक्क असणें निराळें. १८७३ सालीं महादेव गोविंद रानडे यांच्याशीं विवाह होऊन रमाबाई पुण्यास आल्या, त्यानंतर पतीनें त्यांना शिकविण्यास आरंभ केला. घरांतील वडील बायकांनीं या शिकण्याची किती हेटाळणी केली, हें त्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या ग्रंथांत लिहून ठेविलें आहे. त्या काळच्या घरांतला अलिखित कायदा असा होता कीं, हातांत सुई असली म्हणजे बाई कामांत आहे, आणि हातांत पुस्तक असलें म्हणजे ती रिकामी आहे. पुढें रमाबाईंनीं मुंबईस स्त्रियांच्या क्लबांतून भाषा आणि सामान्यज्ञान यांच्याबरोबरच शिवणाचे वर्ग चालविले, आणि १९०९ सालीं गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सहकार्यानें पुण्यास सेवासदनाची स्थापना केली, तेव्हांहि शिक्षणाबरोबर शिवणकाम ठेविलें. त्यांत उपजीविकेचा विचार होताच. पण शिवण शिकण्यास जातें असें सांगणाऱ्या सुनेला उंबरठा ओलांडणें सोपें जात असलें पाहिजे, हेंहि उघड आहे. प्रौढ गृहिणींचे वर्ग दुपारीं भरविण्यांत आले, यांतच त्या संस्थेचें व्यवहारज्ञान दिसतें. निराश्रित स्त्रियांची गोष्ट वेगळी. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्तिसदनांत विणकाम, शिवण आणि छापखान्याचें काम शिकविलें तें पोट भरण्याचें साधन म्हणून. तेथें हौसेचा प्रश्न मागाहून येतो.

शिवणयंत्राची कथा मात्र थोडी उलटी आहे. १८४६ सालीं एलियास हौ यानें आणि १८५१ सालीं आयझॅक सिंगर यानें अमेरिकेंत आपापल्या यंत्रांचे हक्क नोंदविले. सिंगरच्या कंपनीनें हप्त्यांनीं पैसे घेण्याची पद्धत पाडली, आणि एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच तीं यंत्रें हिंदुस्थानांत आलीं. पुढें १९३० नंतरच्या दशकांत कलकत्त्यास ‘उषा’ यंत्र तयार होऊं लागलें. यंत्रानें वेळ वांचेल अशी सर्वांचीच समजूत होती. प्रत्यक्षांत घडलें असें कीं, पूर्वीं घरीं फक्त चोळ्या आणि मुलांचीं झबलीं शिवलीं जात, तेथें आतां सदरे, परकर, पायजमे, उशांचे अभ्रे आणि शेजारच्या मुलीचा फ्रॉकसुद्धां घरींच व्हावा अशी अपेक्षा उत्पन्न झाली. वेळ वांचला तो शिंप्याच्या बिलाचा! शिवाय यंत्राला एक ठराविक जागा लागते, आणि मांडीवर मूल घेऊन तें चालवितां येत नाहीं.

घरकाम सांभाळून रोज अर्धा तास काढणें किती अवघड आहे, याचा अनुभव पुरुषांनाहि एकदां येऊन गेला. जून १९२४ मध्यें अहमदाबादेस काँग्रेसच्या प्रतिनिधींनीं रोज अर्धा तास कांतावें असा ठराव झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बेळगांवच्या अधिवेशनानें सभासदत्वासाठीं दरमहा २००० वार सुताची अट घातली; म्हणजे दिवसाचे सुमारें ६६ वार. मात्र आजारपण, अनिच्छा किंवा तसेंच कांहीं कारण असल्यास दुसऱ्याकडून कातवून घेतलेलें सूत चालेल, अशी पळवाटहि त्याच ठरावांत होती. वर्ष पुरें होण्याच्या आंतच सुताऐवजीं चार आणे देण्याची मुभा झाली. गृहिणीच्या कामांत ‘अनिच्छा’ हें कलम आजवर कोणीं घातलेलें ऐकिवांत नाहीं. पुष्कळ घरांतून तें सूत बायकांनींच कांतलें असावें, असा तर्क केल्यास फारसें चुकणार नाहीं. चरख्यापेक्षां टकळी त्यांना अधिक मानवली, कारण ती उभ्याउभ्या, बोलतांबोलतां फिरवितां येते. अखंड बडबडीलाहि मराठींत टकळीच म्हणतात, हा योगायोग नव्हे.

यानंतर लोकरीचें विणकाम घरोघर पसरलें, आणि त्यानें मात्र एक मोठा फरक घडविला. स्त्रियांच्या मासिकांतून येणारे नमुने आंकड्यांत लिहिलेले असत: इतके टांके सुलट, इतके उलट, अमक्या ओळीनंतर एक टांका कमी. धावदोरा कोठेंहि सोडतां येतो. पण चुकलेली ओळ उसवावी लागते. “थांब, एवढी ओळ पुरी होऊं दे,” हें वाक्य याच विणकामानें घरांत आणलें. आईच्या हातांतील कामासाठीं घरानें क्षणभर थांबावें, ही गोष्ट आपल्याकडे अगदीं नवी होती. तिची किंमत कोणीतरी भरीत असे, आणि ती बहुधा थोरली मुलगी असे. एकत्र कुटुंबांत जावा-नणंदांचे चार हात होते. एकीनें पोळ्या लाटाव्या, दुसरीनें सुई धरावी. मुंबईच्या चाळींतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत तेंहि उरलें नाहीं. हौस वाढली आणि हात कमी झाले, अशी ती अडचण होती. तिच्याकडे आळस म्हणून पाहणारे लोक पुष्कळ निघाले, अडचण म्हणून पाहणारे थोडे.

१९४३ सालीं युद्धामुळें कापडावर नियंत्रण आलें, आणि फाटक्या लुगड्याला पुन्हा एकदां भाव आला. दंड घालून, जुन्यांतून नवें काढून संसार चालवावा लागला. गोधडीसाठीं कापड शिल्लक राहणेंहि कठीण झालें. पुढें नऊवारीची जागा पांचवारीनें घेतली. १९६० नंतर नायलॉनचीं आणि मग टेरिलीनचीं पातळें आलीं. तीं फाटत नाहींत, मऊ पडत नाहींत आणि सुईखालून निसटतात. त्यांची गोधडी होत नाहीं. आतां शहरांतील प्रदर्शनांत ज्या गोधड्या विकावयास येतात, त्यांपैकीं पुष्कळ नवें कापड दुकानांतून आणून, त्याचे तुकडे करून शिवलेल्या असतात.