निराधार अनुदान सोडून लाडकी बहीण घ्यावी का? एकट्या आईनं अर्ज करण्याआधी हे बघा

जुन्नर, आंबेगाव, खेड, पुरंदर या भागातल्या बऱ्याच लेकीबाळी नवरा वारल्यावर किंवा त्यानं टाकून दिल्यावर पोरं घेऊन पुण्यात कामाला जातात. कुणी धुणीभांडी करतं, कुणी कंपनीत पॅकिंगला लागतं. गावात असताना संजय गांधी निराधारचे पैसे चालू असतात. शहरात आल्यावर कुणीतरी सांगतं, "ते बंद कर, लाडकी बहीण घे." आणि तिथंच घोळ होतो.

आधी हिशोब बघू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, घटस्फोटित आणि परित्यक्ता महिलांना महिन्याला 1,500 रुपये मिळतात. 2023 च्या आधी ही रक्कम हजाराच्या आसपास होती. लाडकी बहीण जुलै 2024 पासून सुरू झाली, तिचेही 1,500 च. मग बदलून फायदा काय? निवडणुकीत 2,100 चं आश्वासन दिलं गेलं होतं, त्या आशेवर बऱ्याच जणी विचारतात. पण आश्वासनावर चालू पैसा सोडायचा नसतो, असं माझं मत आहे.

दोन्ही एकदम घेता येत नाहीत. सरकारच्या दुसऱ्या आर्थिक योजनेतून दरमहा 1,500 किंवा जास्त मिळत असतील तर लाडकी बहीणला ती महिला अपात्र ठरते. फेब्रुवारी 2025 मध्ये महिला व बालविकास मंत्री आदिती तटकरे यांनी 5 लाख महिला अपात्र ठरल्याचं जाहीर केलं. त्यातल्या 2 लाख 30 हजार या संजय गांधी योजनेच्या लाभार्थी होत्या. आधी दिलेले पैसे परत घेणार नाही, असंही तेव्हा सांगितलं गेलं.

खरा फरक उत्पन्नाच्या अटीत आहे. संजय गांधीला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं. म्हणजे महिन्याला 1,750. पुण्यात चार घरची भांडी घासणारी बाई यात बसेल कशी, हे सरकारलाच माहीत! लाडकी बहीणला हीच मर्यादा अडीच लाख आहे. गंमत बघा, कंपनीत लागल्यावर ईएसआयच्या दवाखान्यासाठीही 21,000 चीच मर्यादा आहे, पण ती महिन्याच्या पगाराची. एकाच आकड्याला एका कार्यालयात वर्ष लावतात आणि दुसऱ्यात महिना.

म्हणून पक्कं काम लागलेल्या बाईला लाडकी बहीण जास्त सोयीची पडते, हे खरं. पण अडचण अशी की लाडकी बहीणच्या अर्जाची मुदत 15 ऑक्टोबर 2024 ला संपली, आणि त्यानंतर नवे अर्ज घेणं बंद झालं. आज निराधारचं अनुदान लेखी देऊन सोडलं आणि लाडकी बहीणमध्ये आधीचा मंजूर अर्ज नसला, तर हातात शून्य. संजय गांधीचा अर्ज मात्र तहसीलच्या शाखेत कधीही करता येतो. तेव्हा सोडपत्रावर सही करण्याआधी दुसरीकडचं मंजुरीचं स्टेटस मोबाईलवर स्वतः बघा. एजंटच्या तोंडावर जाऊ नका.

लाडकी बहीण आधीपासून चालू असेल तर ई-केवायसी झाली का ते तपासा. सप्टेंबर 2025 मध्ये ती सक्तीची केली, तेव्हा नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागत होते. ज्यांना दोघंही नाहीत त्या अडकल्या. नंतर अशा महिलांना मृत्यू दाखला किंवा घटस्फोटाचा कागद महिला व बालविकास विभागाकडे जमा करण्याची सोय केली गेली.

शेतकरी घरातल्या सुनांसाठी आणखी एक. वारस नोंद होऊन जमीन नावावर आली आणि पीएम किसान व नमो शेतकरीचे मिळून वर्षाला 12,000 सुरू झाले, तर लाडकी बहीणचे 1,500 नाही, फक्त 500 मिळतात. पैसे कापले म्हणून बँकेत भांडायला जाऊ नका, तो नियमच आहे.

बँकेवरून आठवलं. पुण्यात पगारासाठी नवं खातं उघडतात आणि आधार त्याला लिंक होतं. डीबीटीचे पैसे मग त्या नव्या खात्यात जातात आणि बाई गावच्या बँकेत पासबुक भरून भरून थकते. आमच्याच घरातल्या एकीनं अनुदान बंद पडलं समजून तहसीलला तीन खेटे घातले, पैसे मात्र पुण्याच्या खात्यात पडून होते. आधारच्या वेबसाईटवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की दोन मिनिटांत कळतं.

रेशनचंही तसंच. प्राधान्य कुटुंबासाठी उत्पन्नाची मर्यादा गावात 44,000 आणि शहरात 59,000 आहे. गावचं कार्ड असलं तरी पुण्यातल्या दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, त्यासाठी कार्ड रद्द करायची गरज नाही. सासरच्या कार्डात नाव असेल तर मात्र आपलं आणि पोरांचं नाव कमी करून वेगळं कार्ड काढलेलं बरं. नाहीतर धान्य तिकडंच उचललं जातं.

या सगळ्यात एक योजना बहुतेकींच्या नजरेतून सुटते, ती क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आई किंवा बाप गेलेल्या, किंवा घटस्फोटामुळं एकाच पालकाकडं असलेल्या मुलासाठी 18 वर्षांपर्यंत महिन्याला 2,250 रुपये. 2023 मध्ये रक्कम 1,100 वरून वाढवली. ही मुलाच्या नावाची योजना आहे, आईच्या अनुदानाच्या जागी येणारी नाही. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात जातो, मंजुरी बालकल्याण समिती देते. मृत्यू दाखला, मुलाचं आधार, शाळेचं बोनाफाईड, उत्पन्नाचा दाखला जवळ ठेवा. बायको गेलेल्या बापालाही मुलासाठी हा अर्ज करता येतो. लाडकी बहीण काही त्याला मिळणार नाही.

नवरा नुकताच वारला असेल, तो 18 ते 59 वयाचा आणि घरचा कमावता असेल, आणि कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच मिळणारे 20,000 रुपये तहसीलमधून मागा. पुण्याला निघायच्या गडबडीत हा अर्ज राहून जातो. मृत्यू दाखल्याच्या चार-पाच प्रती तेव्हाच काढून घ्या, प्रत्येक ठिकाणी एक लागते.