यादीबाहेरचे तळे : हिमसरोवरांचे पूर आणि नेपाळची चाळीस वर्षे (धागा)

४ ऑगस्ट १९८५. नेपाळच्या खुंबू प्रदेशात लांगमोचे हिमनदीचा एक मोठा तुकडा सुटून खालच्या दिग छो या तळ्यात कोसळला. उसळलेल्या लाटेने तळ्याला अडवून धरणारा हिमोढ, म्हणजे हिमनदीनेच आणून टाकलेल्या दगडमातीचा बांध, फोडला. भोटेकोशी आणि पुढे दूधकोशीच्या काठचे चौदा पूल आणि सुमारे तीस घरे वाहून गेली. थामे गावाजवळ परदेशी मदतीतून उभा राहत असलेला, जवळजवळ पूर्ण झालेला जलविद्युत प्रकल्पही उरला नाही.

जीवितहानी थोडी होती. हिमालयात असे पूर पूर्वीही येत, पण त्यांची आठवण गावापुरती राही. या वेळी मात्र एक प्रकल्प बुडाला होता. हिमसरोवरांची पद्धतशीर मोजदाद त्यानंतरच वेगाने सुरू झाली, हा योगायोग नसावा असे मला वाटते.

त्या मोजदादीत सर्वांत भीतिदायक ठरले ते रोलवालिंग खोऱ्यातील छो रोल्पा, सुमारे ४,५८० मीटर उंचीवरचे. १९९७ च्या उन्हाळ्यात ते फुटणार, असा इशारा दिला गेला. सैनिक आणि पोलीस नेमले गेले, खालच्या गावांतील लोकांना हलवण्यात आले. पूर आला नाही. रोलवालिंग हे तेथील शेर्पांच्या दृष्टीने ‘बेयुल’, म्हणजे गुरू पद्मसंभवाने राखून ठेवलेले पवित्र गुप्त खोरे. त्यांनी तळ्याकडे पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धेने आणि धाकाने पाहिले होते. आता राजधानीहून आलेला धाक खोटा निघाला, आणि पुढच्या इशाऱ्यावरचा विश्वासही त्याबरोबर गेला.

पुढच्याच वर्षी जागतिक बँकेच्या पैशातून गावोगावी भोंगे बसले. तंत्र मोठे विलक्षण होते : आकाशात जळणाऱ्या उल्कांच्या मागावरून रेडिओलहरी परावर्तित करून संदेश पाठवायचा! काही वर्षांतच ही यंत्रणा बंद पडली. देखभाल झाली नाही, सुटे भाग चोरीला गेले. चोरीचा दोष गावकऱ्यांवर टाकणे सोपे आहे. परंतु ती यंत्रणा आपली आहे असे त्यांना वाटावे, यासाठी फारसे कोणी काही केले नव्हते.

तळ्यावर मात्र काम झाले. नेदरलँड्सच्या मदतीने बांधात कालवा खोदून २००० साली पाण्याची पातळी तीन मीटरने उतरवली गेली. खरी सुरक्षितता हवी असेल तर ती याच्या कितीतरी पट उतरवावी लागेल, असे तज्ज्ञांचे मत होते. ते पुढचे काम आजही बाकी आहे.

डिसेंबर २००९ मध्ये कोपेनहेगन परिषदेच्या तोंडावर नेपाळच्या मंत्रिमंडळाने एव्हरेस्टच्या पायथ्याशी, पाच हजार मीटरहून अधिक उंचीवर कालापत्थर येथे प्राणवायूच्या नळकांड्या घेऊन बैठक भरवली. जगभर छायाचित्रे झळकली. माझ्या लेखी त्यापेक्षा महत्त्वाचे वर्ष २०११. त्या वर्षीच्या हवामानबदल धोरणाने एक असाधारण वचन दिले : हवामान निधीतील किमान ८० टक्के रक्कम थेट स्थानिक पातळीवरच्या कामांना. गावपातळीवरील अनुकूलन आराखड्यांची चौकटही तेव्हाच आली. काठमांडूकेंद्रित राज्यकारभाराची परंपरा पाहता, हे कागदावर येणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हती.

आणि तरीही मोठा पैसा मोठ्या तळ्याकडेच गेला. १९५० च्या दशकात जेथे काही डबकी होती, तेथे इम्जा हे विशाल सरोवर झाले होते. २०१६ मध्ये नेपाळी सेनेने पाच हजार मीटरवर राबून त्याची पातळी सुमारे ३.४ मीटरने उतरवली. त्या विरळ हवेत काही पावले चालणेही जड जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे या श्रमांचे मोल कळते. काम आवश्यक होते, त्याबद्दल वाद नाही.

२०२० मध्ये नवी यादी आली. कोशी, गंडकी आणि कर्णाली या खोऱ्यांत ४७ धोकादायक सरोवरे, त्यांपैकी २१ नेपाळच्या हद्दीत. यादी म्हटली की क्रम आला, आणि क्रमाप्रमाणे निधी.

१६ ऑगस्ट २०२४ रोजी थामेवर पुन्हा पूर आला. तेच थामे, तीच भोटेकोशी. तेनझिंग नोर्गे यांचे बालपण याच गावात गेले, एव्हरेस्टवर सर्वाधिक वेळा चढलेले कामी रिता हेही येथलेच. पाणी आले ते गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या लहान तळ्यांतून, आणि ती तळी त्या यादीत नव्हती. भोंगा नव्हता, कालवा नव्हता. दिवसाची वेळ होती, म्हणून कोणी दगावले नाही. घरे आणि आरोग्यकेंद्र गेले, आणि एडमंड हिलरी यांच्या पुढाकाराने साठच्या दशकात सुरू झालेली गावची शाळाही चिखलात गेली.